प्रभाव की मैत्री? : कोलटकर-शहाणे संबंधाचा एक विचार

साठोत्तरी कवितेची मीमांसा करताना आपली समीक्षा 'प्रभाव' या संकल्पनेवर अवाजवी भिस्त ठेवते. अ‍ॅलन गिन्सबर्ग १९६२ साली मुंबईत आला, येथील तरुण कवींमध्ये वावरला. म्हणून अनियतकालिकांचे बंड हा बीट पिढीचा, गांजा व एलएसडीच्या साहाय्याने जाणिवेच्या सीमा ओलांडू पाहणाऱ्या प्रतिसंस्कृतीचा मराठी पडसाद ठरविला जातो. कालक्रम मात्र याला सर्वस्वी अनुकूल नाही. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ आदींचे 'शब्द' हे चक्रमुद्रित अनियतकालिक १९५४ साली निघाले. गिन्सबर्गचे 'हाउल' पुस्तकरूपाने आले १९५६ मध्ये. अर्थात नंतरचा संपर्क नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच, की त्या संपर्काने नेमके काय स्पष्ट होते?

कोलटकरांच्या प्रारंभीच्या कवितेतील अतिवास्तव प्रतिमासृष्टी, बंबैया हिंदीचा वापर यांची संगती प्रभावातून अंशतः लागेल. पण अशी कविता पुढे चार दशके प्रस्थापित प्रकाशनव्यवस्थेबाहेर कशी टिकली, याचे उत्तर तेथे मिळत नाही. ते अशोक शहाणे यांच्याशी असलेल्या मैत्रीत शोधावे लागते. १९६३ मध्ये 'असो' काढणाऱ्या शहाण्यांनी पुढे 'प्रास प्रकाशन' चालविले. 'अरुण कोलटकरच्या कविता' १९७७ साली आणि 'चिरीमिरी' व 'भिजकी वही' २००३ साली याच प्रकाशनाने काढल्या. कवीच्या मृत्यूच्या वर्षी, २००४ मध्ये, 'काळा घोडा पोएम्स' आणि 'सर्पसत्र' ही इंग्रजी पुस्तकेही.

या दोन टप्प्यांमधील सव्वीस वर्षांचे अंतर समीक्षकाने मोजायला हवे. वर्षाला एक संग्रह मागणाऱ्या बाजारात असे मौन म्हणजे विस्मरण. येथे ते संचय ठरले. देशोदेशींच्या, निरनिराळ्या काळांतील स्त्रियांचे दुःख सामावून घेणारी 'भिजकी वही' घाई न करणाऱ्या प्रकाशकाशिवाय याच रूपात सिद्ध झाली असती, असे वाटत नाही. मैत्री ही येथे चरित्रातील आठवण राहत नाही. ती संहितेच्या अस्तित्वाची अट होते.

तथापि या व्यवस्थेची किंमतही होती, आणि ती वाचकाने मोजली. वाशीमसारख्या ठिकाणी मराठी शिकविताना ही पुस्तके दुकानात क्वचितच दिसली. विद्यार्थ्यांच्या हाती आल्या त्या छायाप्रती, त्याही एका मित्राकडून दुसऱ्याकडे गेलेल्या. प्रस्थापिताला नकार देणारे वर्तुळ नकळत महानगराचे वर्तुळ होते, हे मान्य केल्याशिवाय मैत्रीचे गुणगान अपुरे आहे.

राजशेखराच्या 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह वत्सगुल्म येथे, म्हणजे याच वाशीममध्ये होतो. आणि तो गांधर्वविवाह आहे. वडिलधाऱ्यांची संमती न घेता, परस्परांच्या निवडीने जुळलेले नाते. साहित्याच्या मुळाशी असे नाते आपल्या परंपरेने कल्पिले होते. कोणी कोणापासून काय घेतले, याच्या याद्या आपण पुष्कळ केल्या. कोणी कोणासाठी किती वर्षे थांबले, हा प्रश्न मराठी समीक्षेने अद्याप गांभीर्याने विचारलेला नाही.