पट्टी ओढायची कुणी?

मंडळी, पॉप-अप पुस्तकाचं कौतुक करताना आपण बहुधा त्याची उंची मोजतो. रॉबर्ट सबुडाने अ‍ॅलिसच्या गोष्टीचं २००३ साली केलेलं पुस्तक घ्या. शेवटच्या जोडपानावर पत्त्यांचा अख्खा कॅट कमान करून हवेत उसळतो. थक्क व्हायला होतं, वादच नाही. पण त्या क्षणी मूल काय करतं? पान उलटतं आणि बघत बसतं. त्याच पुस्तकातलं सशाचं बीळ आम्हाला जास्त मोलाचं वाटतं. ते मुलाला स्वतः वर ओढावं लागतं, मग भोकातून आत डोकावता येतं. अ‍ॅलिस खाली पडते ती मुलाच्या हाताने.

हाताचं हे काम पुस्तकभर पुरवलं ते यान पिएन्कोव्स्कीने, १९७९ च्या 'हाँटेड हाउस'मध्ये. (ब्रिटनमध्ये त्याला चित्रांसाठीचं केट ग्रीनअवे पदक मिळालं.) इथे वाचणारा म्हणजे भुताटकीच्या घरात तपासायला आलेला डॉक्टर! घरातलं कुणीतरी आपली दुखणी सांगत त्याला खोल्याखोल्यांतून नेतं. मजकूर भुतांबद्दल अवाक्षर काढत नाही. न्हाणीघरातली मगर दिसते फक्त पोराला. बोलणारा एक सांगतो, हाताला दुसरंच सापडतं, आणि गंमत सगळी त्या फटीत आहे. शेवटी माळ्यावर एक खोकं आहे. पान उघडू लागलं की आतून करवत खोकं कापत बाहेर येते, खर्रखर्र आवाजासकट. हा आवाज कागदाचाच बरं का, बॅटरी-बिटरी काही नाही. सावकाश उघडलंत तर तो लांबतो. किती घाबरायचं, हे पोरच ठरवतं.

या कलेतला थोरला माणूस म्युनिकचा लोथार मेगेनडॉर्फर (१८४७–१९२५). दोन कागदांच्या मध्ये पुठ्ठ्याचे दांडे आणि तांब्याच्या बारीक तारेच्या गुंडाळ्या दडवून, एका पट्टीवर तो डोळा, हात, जबडा असं सगळं एकदम हलवायचा. त्याचं १८८७ चं सर्कसचं पुस्तक उलगडून अर्धगोल उभं राहतं. ते देखणं आहे, पण आम्ही त्याच्या पट्ट्यांनाच वरचा नंबर देऊ.

आता खरी अडचण. या पुस्तकांची जुळणी आजही हातानेच होते, म्हणून ती महाग. महाग म्हणून ती कपाटाच्या वरच्या फळीवर जातात, आणि मुलाला ती कुणीतरी मोठं माणूस 'लांबून' दाखवतं. म्हणजे हातासाठी बनवलेली वस्तू हातालाच बंदी! वाचनालयं चालवणाऱ्या मंडळींना आमचं एवढंच सांगणं आहे, की ती खाली आणा. ओढून ओढून पट्टीचं टोक तुटेल. तुटू द्या. मागून जाड कागदाचा तुकडा चिकटवा, रात्रभर वजनाखाली ठेवा, आणि सकाळी पुस्तक परत खालच्या फळीवर.