स्वप्रकाशित अद्भुतरम्य कादंबरीचे शीर्षक आणि मुखपृष्ठ : 'एरागॉन' व 'द इमॉर्टल्स ऑफ मेलुहा' यांच्या संदर्भात

बीजसंज्ञा : स्वप्रकाशन, अद्भुतरम्य कादंबरी, शीर्षक, मुखपृष्ठ, दर्शन

प्रस्तावना :

कादंबरीच्या समीक्षेत कथानक, पात्रचित्रण, निवेदन आणि भाषाशैली यांचा विचार विस्ताराने होतो. शीर्षकाच्या वाट्याला फार तर एखादा परिच्छेद येतो आणि मुखपृष्ठाची बोळवण चित्रकाराच्या नामोल्लेखावर होते. मुखपृष्ठ ही प्रकाशकाची, म्हणजेच व्यापाराची बाब असून ती संहितेबाहेरची आहे, असे गृहीतक यामागे असते. फ्रेंच समीक्षक जेरार जेनेत यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या गृहीतकाला छेद दिला. त्या ग्रंथाच्या फ्रेंच नावाचा अर्थच 'उंबरठे' असा आहे. शीर्षक, लेखकनाम, मुखपृष्ठ, प्रस्तावना हे सारे संहितेचे उंबरठे असून वाचक ते ओलांडूनच आत येतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

उंबरठा कोणी घातला, हा प्रश्न स्वप्रकाशित कादंबरीत अधिक महत्त्वाचा ठरतो. येथे निवडीचा भार लेखकावर असतो. म्हणून शीर्षक व मुखपृष्ठ ही लेखकाने स्वतःच्या कृतीवर केलेली पहिली समीक्षा मानता येते. हे सूत्र दोन कादंबऱ्यांच्या आधारे तपासणे, हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

स्वप्रकाशन व अद्भुतरम्यता – दुहेरी अडचण :

प्रस्थापित प्रकाशनसंस्थेचे नाव वाचकाला एक हमी देते. कोणीतरी हस्तलिखित वाचले, पारखले आणि त्यावर पैसा लावला, एवढे त्या नावातून कळते. स्वप्रकाशित पुस्तकाजवळ ही हमी नसते. अद्भुतरम्य कादंबरीत आणखी एक अडचण उद्भवते. तिचे जग लेखकाने रचलेले असल्याने तेथील माणसे, नगरे आणि वस्तू यांची नावे वाचकाच्या ओळखीची नसतात. अनोळखी लेखकाने अनोळखी जगाचे आमंत्रण द्यायचे, असा हा प्रसंग आहे. सर्वच अनोळखी ठेवले तर वाचक उंबरठ्यावरूनच परततो. सर्वच ओळखीचे ठेवले तर त्याला आत येण्याचे कारण उरत नाही.

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात या प्रश्नाचे एक जुने उत्तर सापडते. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) व 'रत्नप्रभा' आणि नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' या कादंबऱ्यांची शीर्षके म्हणजे अलंकृत, संस्कृतप्रचुर व्यक्तिनामे आहेत. ही नावे ऐकताच आत राजकन्या, वियोग, संकटे आणि सुखान्त असणार हे तत्कालीन वाचकाने ओळखावे, अशी त्यांची घडण होती. व्यक्ती अपरिचित असली तरी नावाची जात परिचित होती. पुढे विचारात घेतलेल्या दोन्ही कादंबऱ्यांना परिचित आणि अपरिचित यांचा असाच मेळ नव्या रीतीने घालावा लागला.

'एरागॉन' : एका अक्षराचे अंतर :

क्रिस्टोफर पाओलिनी या अमेरिकन लेखकाने वयाच्या पंधराव्या वर्षी 'एरागॉन' लिहावयास घेतली. आई-वडिलांच्या छोट्या घरगुती प्रकाशनातून ती २००२ साली निघाली. कुटुंबाने शाळा व ग्रंथालयांतून कार्यक्रम करीत तिचा प्रसार केला. पुढे २००३ साली क्नॉफ या मोठ्या संस्थेने ती नव्याने प्रसिद्ध केली.

इंग्रजीतील 'ड्रॅगन' या शब्दाचे पहिले अक्षर बदलून त्या जागी वर्णमालेतील लगेच पुढचे अक्षर ठेवले की 'एरागॉन' हे नाव तयार होते. शब्द नवा, पण डोळ्याला जवळजवळ ओळखीचा. पहिल्या आवृत्तीचे मुखपृष्ठ लेखकाने स्वतःच रेखाटले होते व त्यावर सफिरा या ड्रॅगन मादीचा डोळा होता. शीर्षक हे नायकाचे नाव आणि चित्र मात्र त्याच्या वाहनाचे, अशी ही जोडणी आहे. त्यामुळे 'एरागॉन' हे ड्रॅगनचेच नाव असावे असा क्षणिक भ्रम होतो. हा दोष मानण्याचे कारण नाही. स्वार आणि ड्रॅगन यांची मने एकमेकांत गुंतलेली असणे हा कादंबरीचा गाभा आहे आणि उंबरठ्यावरील हा भ्रम त्याचीच पूर्वसूचना देतो.

क्नॉफच्या आवृत्तीसाठी जॉन ज्यूड पॅलेनकार यांनी नवे चित्र काढले. चित्र बदलले, तरी शीर्षक कायम राहिले आणि मानवी नायक टाळून ड्रॅगनलाच समोर आणण्याचे तत्त्वही टिकले. मालिकेच्या पुढील तीन खंडांवरही निरनिराळ्या रंगांचे ड्रॅगन आले. व्यावसायिक संस्थेने कारागिरी सुधारली. निर्णय मात्र मुलाचाच राहिला.

मराठी वाचकासाठी येथे एक मर्यादा आहे. अक्षराचा हा खेळ रोमन लिपीत घडतो. देवनागरीत 'ड्रॅगन' आणि 'एरागॉन' शेजारी ठेवले तर नाते दिसत नाही आणि शीर्षक केवळ परके नाव बनते. शीर्षक लिपीशीही बांधलेले असते, हे यावरून लक्षात येते.

'द इमॉर्टल्स ऑफ मेलुहा' : झाकणे आणि दाखविणे :

अमीश त्रिपाठी यांची ही कादंबरी वीसहून अधिक प्रकाशकांनी नाकारली. अखेर लिटररी एजंट अनुज बहरी यांनी ती छापण्याचे ठरविले आणि प्रसाराचा भार लेखकाने उचलला. काटेकोर अर्थाने हे पूर्ण स्वप्रकाशन नव्हे. परंतु प्रस्थापित संस्थेची हमी नसणे आणि निर्णयाचा भार लेखकावर असणे ही दोन्ही लक्षणे येथे आहेत. २०१० साली पुस्तक आले तेव्हा पहिले प्रकरण दुकानांतून विनामूल्य वाटण्यात आले. पुढे वेस्टलँड या संस्थेने पुस्तक आपल्याकडे घेतले.

'मेलुहा' हे नाव प्राचीन मेसोपोटेमियाच्या लेखांत आढळते आणि बहुसंख्य अभ्यासक ते सिंधू संस्कृतीच्या प्रदेशाशी जोडतात. सामान्य वाचकाला ते अनोळखी होते. 'इमॉर्टल्स', म्हणजे अमर, हा शब्द मात्र सर्वांना कळणारा. लक्षणीय बाब अशी की कादंबरीचा नायक शिव असूनही शीर्षकात त्याचे नाव नाही. भारतातील पुस्तकाच्या दुकानात सर्वाधिक ओळखीचे ठरले असते असे नाव लेखकाने हातचे राखून ठेवले.

ते नाव मुखपृष्ठ सांगते, पण अर्धेच. रश्मी पुसाळकर यांनी केलेल्या मुखपृष्ठावर मानसरोवराच्या पार्श्वभूमीवर शिव पाठमोरा आहे. त्याच्याजवळ त्रिशूळ आहे आणि पाठीवर योद्ध्याचे व्रण आहेत. या निवडीचे मोल कळण्यासाठी देवतांच्या छापील चित्रांची परंपरा आठवावी लागते. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत काढलेल्या आणि नंतर लोणावळ्याजवळील मळवली येथे हलविलेल्या छापखान्यातून देवदेवतांची चित्रे घरोघरी पोहोचली. त्यातूनच दिनदर्शिकेवरील देवचित्रांची रीत रुजली. या चित्रांतील देव बहुधा समोर पाहतो; भक्ताची आणि देवाची नजर मिळणे हेच दर्शन. पुसाळकरांचे मुखपृष्ठ हे दर्शन नाकारते. व्रण असलेली पाठ दिसते तेव्हा समोर देव नसून घाव सोसलेला माणूस आहे, हे वाचकाला कळते. देवासमोर उभा राहणारा वाचक येथे एका माणसाच्या मागोमाग चालू लागतो. कथेत तिबेटातील एका टोळीचा प्रमुख मेलुहात येतो, सोमरसाने त्याचा कंठ निळा होतो आणि लोक त्याला नीलकंठ मानू लागतात. देवत्व ही जन्मजात गोष्ट नसून लोकांनी दिलेली जबाबदारी आहे, हा कादंबरीचा विचार मुखपृष्ठावर एकाही शब्दाविना मांडला गेला आहे.

शीर्षकाचा अर्थ मात्र तीन खंडांत हळूहळू उलगडतो. पहिल्या खंडात 'अमर' म्हणजे सोमरसामुळे दीर्घायुषी झालेले मेलुहावासी. येथे शब्द गौरवाचा वाटतो. 'द ओथ ऑफ द वायुपुत्राज' (२०१३) या तिसऱ्या खंडात सोमरस हेच अनिष्टाचे मूळ ठरते आणि सरस्वतीच्या ऱ्हासाशीही त्याचा संबंध लावला जातो. गौरव वाटलेला शब्द आरोप बनतो. मुखपृष्ठाइतका संयम कादंबरीच्या गद्यात नाही. आजच्या बोलीतले संवाद आणि स्पष्टीकरणाचा सोस यांमुळे जे सूचित राहावे ते उच्चारले जाते. या कृतीचे उंबरठे तिच्या काही दालनांपेक्षा अधिक रेखीव आहेत, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

भाषांतरातील शीर्षक :

हिंदी अनुवादाचे शीर्षक 'मेलूहा के मृत्युंजय' असे आहे. 'अमर' ही एक अवस्था आहे, तर 'मृत्युंजय' हा पराक्रम आहे आणि ते शिवाचेच नाव आहे. मूळ शीर्षकाने झाकलेले येथे उघड झाले. शिवाय 'के' हे अनेकवचनाबरोबरच आदरार्थीही वाचता येत असल्याने अर्थ समाजाकडून नायकाकडे सरकतो आणि तिसऱ्या खंडातील कलाटणीची धार कमी होते. मराठी वाचकाला तर 'मृत्युंजय' म्हणताच शिवाजी सावंत यांची १९६७ सालची कर्णावरील कादंबरी आठवते. नादमधुर शब्द मिळाला, पण शीर्षक आणि मुखपृष्ठ यांच्यातील श्रमविभागणी बिघडली.

निष्कर्ष :

१) स्वप्रकाशित अद्भुतरम्य कादंबरीत शीर्षक आणि मुखपृष्ठ यांनी एकच गोष्ट दोनदा सांगू नये. एकाने परिचिताचा आधार द्यावा आणि दुसऱ्याने अपरिचिताची ओढ लावावी.

२) यशस्वी मुखपृष्ठ कथेतील प्रसंग रंगवीत नाही, कादंबरीची भूमिका मांडते. ड्रॅगनचा डोळा आणि शिवाची पाठ ही त्याची दोन उदाहरणे होत.

३) शीर्षकाची कसोटी पुस्तक मिटल्यावर लागते. वाचनानंतर त्याचा अर्थ बदलला वा गहिरा झाला, तर ते केवळ विक्रीचे साधन राहत नाही.

४) शीर्षकाचे भाषांतर करताना शब्दार्थाबरोबर त्याने काय झाकले आहे, हेही पाहावे लागते.

स्वखर्चाने पुस्तक काढणारे लेखक मराठीतही आहेत आणि हस्तलिखितावर वर्षे घालविल्यानंतर शीर्षक व मुखपृष्ठ अखेरच्या आठवड्यात ठरविण्याचा मोह कोणालाही होऊ शकतो. महाविद्यालयीन ग्रंथालयांत पुनर्बांधणीच्या वेळी मूळ मुखपृष्ठ अनेकदा काढून टाकले जाते आणि विद्यार्थ्याच्या हाती एकरंगी पुठ्ठ्यातील संहिता येते. प्रस्तुत कादंबऱ्यांच्या बाबतीत अशा प्रतीतून ड्रॅगनचा डोळा आणि शिवाची पाठ दोन्ही नाहीशी होतील आणि वर चर्चिलेला अर्थही त्यांबरोबर जाईल. म्हणून मुखपृष्ठ जपणे व वर्गात ते वाचावयास शिकविणे हा कादंबरीच्या अध्यापनाचाच भाग मानला पाहिजे.