यंत्रांचा डाव आणि बघणाऱ्याचं काम

(सापगाव, ता. शहापूर येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

मंडळी, बुद्धिबळ म्हटलं की लोकांना आनंद, विदित, दिव्या यांच्याविषयी ऐकायचं असतं. आज आम्ही ज्यांच्याविषयी बोलणार आहोत त्यांना ना गाव, ना वय, ना घाम. दोन संगणक-प्रोग्राम आपसात डाव खेळतात आणि माणसं ते तासन्‌तास बघत बसतात. यात बघण्यासारखं काय आहे? आमचं मत आधीच सांगून टाकतो. पुष्कळ आहे, पण हल्ली ते ज्या पद्धतीनं दाखवलं जातं, त्या पद्धतीनं बघितलं तर हाती काहीच लागत नाही.

प्रकार तसा जुना आहे. 1974 साली मुंबईच्या वासंती खाडिलकर देशातली पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा जिंकल्या. त्याच वर्षी स्टॉकहोममध्ये संगणकांची पहिली जागतिक बुद्धिबळ स्पर्धा झाली आणि ‘काइसा’ हा सोव्हिएत प्रोग्राम पहिला आला. त्या काळच्या प्रोग्रामांच्या चाली बघून जाणकार हसत असत. 1997 मध्ये डीप ब्लूनं कास्पारोव्हला साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरवलं आणि हसणं थांबलं. पुढे माणूस विरुद्ध यंत्र या सामन्यात राम राहिला नाही. उरला यंत्र विरुद्ध यंत्र.

इथे पहिली अडचण येते ती बरोबरीची. आजचे अव्वल प्रोग्राम नेहमीच्या मांडणीपासून खेळायला बसवले तर जवळजवळ प्रत्येक डाव बरोबरीत सुटतो. म्हणून टीसेक या संगणकांच्या मोठ्या स्पर्धेत सुरुवातीच्या चाली माणसं ठरवून देतात, आणि त्या मुद्दाम एका बाजूला जड जातील अशा निवडतात. मग तीच सुरुवात रंग बदलून पुन्हा खेळवतात. सपाट रस्त्यावर दोन्ही बैलजोड्या बरोबरच पोचतात, तेव्हा चढाचा रस्ता द्यायचा आणि नंतर जोड्यांच्या बाजू बदलायच्या, असा हा हिशेब. काहींना यात लबाडी वाटते. आम्हाला वाटत नाही. फक्त एक ध्यानात ठेवायचं, की इथे एकट्या डावाला अर्थ नसतो. पांढऱ्यानं तो जिंकला यात नवल नाही, रस्ताच तसा होता. दुसऱ्या प्रोग्रामनं तीच वाईट बाजू घेऊन बरोबरी कशी राखली, ते बघायचं. जोडीतला एकच डाव बघून उठणारा माणूस अर्धीच गोष्ट ऐकून घरी जातो.

आता एक चाल बघू. डिसेंबर 2017 मध्ये आल्फाझीरो आणि स्टॉकफिश यांच्यातल्या 100 डावांचा निकाल जाहीर झाला. आल्फाझीरोनं 28 जिंकले, 72 बरोबरीत सुटले, हरला एकही नाही. आल्फाझीरोला नियमांपलीकडे काही शिकवलं नव्हतं; तो स्वतःशीच खेळून शिकला होता. स्टॉकफिशला योग्य परिस्थिती दिली नाही, अशी तक्रार झाली, आणि ती रास्त होती. एका चालीला ठरावीक एक मिनिट, असा तो सामना होता. पुढच्या वर्षी 1000 डावांचे निकाल छापून आले: 155 विजय, 6 पराभव, बाकी बरोबरी.

पण आकडे बाजूला ठेवा. 2017 च्या एका डावात पांढऱ्या आल्फाझीरोनं घोडा देऊन टाकला होता. काळ्याचा राजा उघड्यावर आलेला. अशा वेळी आपण वजीर पुढे घुसवू. त्यानं 26 व्या चालीला वजीर मागे, पटाच्या पार कोपऱ्यात, एच-1 या घरात नेला. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, वजीर रुसून बसला! पण त्या कोपऱ्यातून एकीकडे एच-पट्टी मोकळी मिळते आणि दुसरीकडे मोठा कर्ण, ज्यावर पुढे स्वतःचाच उंट उभा आहे. उंट हलला की वाट खुली. दोन वाटांवर एकदम नजर ठेवणारं घर पटाच्या टोकाला होतं.

हे ‘का’ यंत्रानं सांगितलं नाही. यंत्र चाल करतं आणि आकडा देतं. ‘का’ माणसांनी शोधलं. मॅथ्यू सॅडलर आणि नताशा रेगन यांनी 2019 मध्ये ‘गेम चेंजर’ हे अख्खं पुस्तक आल्फाझीरोच्या डावांवर लिहिलं. डाव यंत्राचा होता, अर्थ लावण्याचं काम माणसांचं होतं.

आमची तक्रार आहे ती पडद्यावरच्या त्या काळ्या-पांढऱ्या पट्टीविषयी. कोण किती पुढे हे ती दाखवते, आणि हळूहळू लोक पट सोडून पट्टीच बघू लागतात. पट्टीतल्या आकड्याचा अर्थ तरी काय? पूर्वी अधिक एक म्हणजे साधारण एका प्याद्याचा फायदा असं समजत. 2022 च्या अखेरीपासून स्टॉकफिशमध्ये अधिक एक म्हणजे, तो स्वतःशीच खेळला तर इथून जिंकण्याची शक्यता 50 टक्के. म्हणजे तो आकडा यंत्राचं भवितव्य सांगतो. तुमचं-आमचं नाही सांगत.

2025 च्या जुलैत बाटुमीला नागपूरच्या दिव्या देशमुख आणि कोनेरू हम्पी यांच्यात विश्वचषकाची अंतिम लढत झाली. दोन डाव बरोबरीत, मग जलद डावांत दिव्या जिंकल्या. अशा लढतीत पट्टी उडाली की बघणारा लगेच म्हणतो, ‘अरे, एवढं दिसलं नाही?’ घड्याळात काय उरलंय, समोर कोण बसलंय, हे पट्टीला ठाऊक नसतं. यंत्रांचे डाव चुकीच्या रीतीनं बघायची सवय लागली, की माणसांचे डावही आपण तसेच बघतो. नुकसान आहे ते इथे.

हे सापगावात का सांगायचं? स्टॉकफिश फुकट आहे. जगज्जेता जो प्रोग्राम वापरतो तोच भातसेच्या काठावरच्या पोराच्या मोबाइलवर चालतो. इतकी समानता दुसऱ्या कुठल्या खेळात नाही. पण ‘ही चाल का?’ असं विचारायला शेजारी कोणी जाणकार मात्र फुकट मिळत नाही. शहरातल्या मुलाला शिक्षक असतो, इथल्या मुलाला नुसता आकडा मिळतो. आकडा खरा असतो, पण त्यानं शहाणपण येत नाही.

म्हशाच्या यात्रेत बैल घेणारा माणूस आधी किंमत विचारत नाही. दात बघतो, खूर बघतो, चार पावलं चालवून बघतो, किंमत शेवटी. यंत्रांचा डाव तसाच बघावा. पट्टीवर हात ठेवा. पुढची चाल स्वतः ठरवा, कारणासकट वहीत लिहा. मग यंत्राची चाल बघा. वेगळी निघाली तर दोघं-तिघं मिळून भांडा, आणि आकडा सगळ्यांत शेवटी उघडा. एका संध्याकाळी दहा चाली झाल्या तरी पुष्कळ.

यंत्रांना बघणाऱ्यांची गरज नाही. रिकाम्या खोलीतही ते इतकंच चांगलं खेळतील. तेव्हा त्यांच्या डावातून काय मिळवायचं, ते सर्वस्वी आपल्यावर आहे. आता कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा, आणि पट घेऊन पुढे आलात तर अधिक बरं.