निवडणुकीचे बिल्ले आणि त्यांचे संग्राहक

जुन्या वस्तु जमविण्याचा छंद बहुतेक सर्व सुसंस्कृत समाजांत आढळतो. कोणी नाणीं जमवितो, कोणी पोस्टाचीं तिकिटें, कोणी हस्तलिखितें. अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांत मात्र या वृत्तीचा एक प्रकार असा आहे, कीं त्याच्याकडे वाङ्मयाच्या अभ्यासकानेंही लक्ष द्यावें. तेथें दर चार वर्षांनीं राष्ट्राध्यक्षाची निवडणूक होते. त्या प्रसंगीं वाटलेले बिल्ले, फिती, पदकें, रुमाल व भित्तिपत्रकें निवडणूक संपतांच केरांत जावयाचीं. पण तीं वेंचून आणि पारखून जपणारे लोक तेथें पुष्कळ आहेत. १९४५ सालीं त्यांनीं आपली एक राष्ट्रीय संस्थाही स्थापन केली. या छंदाचें मोल काय, आणि संग्राहक तें मोल ज्या कसोटीनें ठरवितात ती कसोटी कितपत योग्य, याचा विचार येथें कर्तव्य आहे.

प्रथम या वस्तूंचें स्वरूप पाहूं. १७८९ सालीं जॉर्ज वॉशिंग्टन यांनीं अध्यक्षपदाची शपथ घेतली, तेव्हां त्यांच्या नांवाचीं आद्याक्षरें व त्यांचें दीर्घायुष्य चिंतणारे शब्द असलेलीं पितळी बटणें लोकांनीं आपल्या कपड्यांस लावलीं होतीं. तीं मतें मागण्यासाठीं नव्हतीं. त्यांत केवळ आदर होता. मतें मागणाऱ्या वस्तूंचा खरा सुकाळ झाला तो १८४० सालीं. त्या वर्षीं व्हिग पक्षानें विल्यम हेन्री हॅरिसन या वयस्क सेनापतीस उभें केलें. प्रतिपक्षाच्या एका पत्रानें टोमणा मारला, कीं या गृहस्थास सायडरचें, म्हणजे सफरचंदाच्या आंबविलेल्या रसाचें, एक पिंप व थोडें निवृत्तिवेतन दिलें, तर तो आपल्या ओंडक्यांच्या झोपडींत सुखानें बसून राहील. व्हिगांनीं तोच टोमणा उचलून आपलें निशाण केलें. झोपडी आणि पिंप हीं चित्रें पदकांवर, रुमालांवर, बशांवर, जेथें जागा सांपडली तेथें उमटलीं.

वस्तुतः हॅरिसन हे व्हर्जिनियांतील एका संपन्न जमीनदार घराण्यांत जन्मले होते, आणि त्यांच्या वडिलांची सही स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर आहे. झोपडीच्या चित्राच्या कांहीं बशा तर इंग्लंडांतील स्टॅफर्डशायरच्या कारखान्यांत भाजल्या गेल्या! अशी बशी हातीं घेतली असतां तिच्यावरील खोटें कोणतें, हें सांगणें सोपें आहे. तें खोटें लोकांस गोड कां वाटलें, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे. १८३७ सालच्या आर्थिक अरिष्टानें हजारों कुटुंबें नागविलीं गेलीं होतीं. त्यांना आपल्यासारख्या घरांत राहणारा अध्यक्ष हवा होता. शिवाय या बशा कोणाच्या हातांत जात, हेंही पाहिलें पाहिजे. देशभर स्त्रियांचा मताधिकार घटनेनें मान्य होण्यास १९२० साल उजाडावें लागलें. पण राजकारण त्यापूर्वींच त्यांच्या फडताळांत येऊन बसलें होतें. स्वतः हॅरिसन पदग्रहणानंतर एका महिन्यानें, ४ एप्रिल १८४१ रोजीं, वारले. बशा मात्र राहिल्या.

पुढें छायाचित्रणाची कला आली. १८६० सालीं पितळी कडींत बसविलेलें, पत्र्यावर उतरविलेलें, एवढेसें छायाचित्र लोक छातीवर मिरवूं लागले. एका बाजूस अब्राहम लिंकन, दुसऱ्या बाजूस उपाध्यक्षपदाचे उमेदवार हॅनिबल हॅम्लिन. या चित्रांतील लिंकन यांस दाढी नाहीं; ती त्यांनीं निवडून आल्यावर राखिली. आज जगाच्या डोळ्यांपुढें असलेली मूर्ति आणि तेव्हांच्या मतदारानें पाहिलेला चेहरा यांतील हें अंतर त्या लहानशा चकतींत तत्काळ लक्षांत येतें. १८९६ सालीं मॅकिन्ली व ब्रायन यांचा सामना झाला. त्या वेळेपर्यंत नेवार्क येथील व्हाइटहेड अँड होग या कंपनीनें नवी युक्ति काढली होती. छापील कागदावर सेल्युलॉइडचा पारदर्शक पापुद्रा घालावयाचा, दोन्ही धातूच्या चकतीवर ताणून कड दाबावयाची, आणि मागें टांचणी बसवावयाची. वस्तु स्वस्त, टिकाऊ आणि रंगीत. तेव्हांपासून बिल्ला हा अमेरिकन निवडणुकीचा जणुं गणवेशच झाला.

आतां संग्राहकांच्या कसोटीकडे वळूं. ती कसोटी मुख्यतः दोन गुणांची: दुर्मिळता आणि निर्दोषता. या छंदांत सर्वांत नांवाजलेला बिल्ला १९२० सालचा आहे. डेमोक्रॅटिक पक्षाचे जेम्स कॉक्स आणि त्यांचे सहउमेदवार, तरुण फ्रँकलिन रूझवेल्ट, यांचीं चित्रें त्यांत शेजारीं शेजारीं आहेत. पक्षाची तिजोरी रिकामी, म्हणून असे बिल्ले थोडे निघाले. पराभवही दारुण झाला. २०२२ सालीं त्यांतील एक नग लिलावांत एक लक्ष डॉलरांहून अधिक किमतीस गेला. परंतु त्या बिल्ल्यावर पाहण्यासारखें आहे काय? दोन सभ्य चेहरे आणि दोन नांवें. त्याच वर्षीं समाजवादी पक्षाचे यूजीन डेब्स अटलांटाच्या तुरुंगांतून निवडणूक लढवीत होते. १९१८ सालीं केलेल्या युद्धविरोधी भाषणाबद्दल त्यांस शिक्षा झाली होती. त्यांच्या बिल्ल्यावर कैद्याच्या वेषांतील त्यांचें चित्र आणि "अध्यक्षपदासाठीं कैदी क्रमांक ९६५३" अशा अर्थाचे शब्द आहेत. नऊ लक्षांहून अधिक लोकांनीं या कैद्यास मत दिलें. आमच्या मतें पहिल्या बिल्ल्याची किंमत मोठी असली, तरी अर्थ दुसऱ्याचा मोठा आहे. बाजारानें या दोहोंची गल्लत करावी हें समजण्यासारखें आहे. अभ्यासकानें ती करूं नये.

टेड हेक यांनीं १९७४ सालीं प्रसिद्ध केलेली बिल्ल्यांची सचित्र सूची या क्षेत्रांत प्रमाणभूत मानली जाते, आणि तिचे उपकार थोर आहेत. हजारों बिखुरलेल्या वस्तूंस तिनें क्रमांक दिले; तिच्यावांचून या विषयाचा अभ्यासच अशक्य होता. परंतु तिची मांडणी उमेदवारवार आहे, आणि चित्र बिल्ल्याच्या दर्शनी भागाचें. बिल्ल्याच्या पाठीशीं पुष्कळदां एक कागद चिकटविलेला असतो. त्यावर कारखान्याचें नांव व गांव असतें, कधीं कामगार-संघाचा शिक्काही असतो. बिल्ला कोणीं घडविला, हें ती पाठ सांगते. तो कोणीं वापरला, हें गंजलेली टांचणी व झिजलेली कड सांगते. संग्राहक नेमका असाच झिजलेला नग बाजूस सारतो आणि पेटींतून कधींच बाहेर न आलेला पसंत करतो! जो बिल्ला कोणाच्याही छातीवर चढला नाहीं, तो निर्दोष असेल. पण निवडणुकीचा साक्षी म्हणून त्याची योग्यता कमीच.

याहून कठीण प्रश्न लज्जास्पद वस्तूंचा आहे. १६ ऑक्टोबर १९०१ रोजीं अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं बुकर टी. वॉशिंग्टन या कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञास व्हाइट हाउसमध्यें भोजनास बोलाविलें. दक्षिणेंतील गोऱ्या समाजांत मोठा गहजब उडाला. पुढें हे दोघे एका मेजाशीं बसल्याचे बिल्ले निघाले, व त्यांवर "समता" या अर्थाचा एकच शब्द होता. कांहींत वॉशिंग्टन यांची मुद्रा सौम्य व यथातथ्य आहे. कांहींत वर्ण मुद्दाम काळवंडून चेहरा विद्रूप केला आहे. पहिल्यांत तो शब्द गौरवाचा, दुसऱ्यांत तोच शब्द शिवीसारखा वापरलेला! केवळ पहिलाच प्रकार जपून दुसरा अडगळींत टाकला, तर संग्रह देखणा होईल, पण त्या काळाचें मन आपल्यापासून लपून राहील. दोन्ही शेजारीं ठेवावे, आणि खालीं स्पष्ट टीप लिहावी, हाच मार्ग आम्हांस प्रशस्त वाटतो.

किमती वाढल्या म्हणजे नकलाही वाढतात. जाहिरातीसाठीं व्यापाऱ्यांनीं जुन्या बिल्ल्यांच्या प्रतिकृति काढल्या आणि त्या अस्सल म्हणून खपूं लागल्या. तेव्हां १९७३ सालीं अमेरिकन सरकारनें कायदा करून राजकीय वस्तूंच्या नकलांवर निर्मितीचें वर्ष ठळकपणें घालणें सक्तीचें केलें. जाणत्यास मात्र वस्तूच उत्तर देते. पत्र्यावर थेट छापलेले बिल्ले १९२० च्या सुमारास प्रचारांत आले. म्हणून तसा छापलेला १८९६ सालचा बिल्ला कोणी पुढें केला, तर तो बनावट समजावा. सनावळी पाठ करणाऱ्या वाचकास न मिळणारें हें ज्ञान वस्तु हाताळणाऱ्या संग्राहकास मिळतें, आणि याबद्दल त्याचा आदर केलाच पाहिजे.

तात्पर्य, हा छंद क्षुल्लक नाहीं. पुढाऱ्यांचीं भाषणें व पत्रें ग्रंथालयें जपतात. पण सामान्य मतदारानें आपलें मत लिहून ठेविलें नाहीं, तें त्यानें छातीवर लाविलें. तो लेख केरांतून वांचविण्याचें श्रेय संग्राहकांचें आहे. आतां त्यांनीं किमतीच्या रकान्याशेजारीं आणखी एक रकाना घालावा: ही वस्तु कोठें मिळाली, कोणाच्या घरीं होती, कोणीं वापरली. ही माहिती मूळ मालकाच्या नातवंडांबरोबर नाहींशी होते, आणि पुढें कोणत्याही लिलावांत ती विकत मिळत नाहीं.