चाहता, भाष्यकार आणि संहिता : ‘द इन्क्रेडिबल्स’ची डीव्हीडी आवृत्ती

घरी पाहण्यासाठी काढलेल्या चित्रपटाच्या आवृत्तीचे परीक्षण बहुधा मालाच्या तपासणीसारखे होते. चित्र किती स्वच्छ, ध्वनी किती भरीव, सोबतचा मजकूर किती तासांचा आणि त्या मानाने किंमत रास्त की नाही, एवढे सांगून परीक्षक थांबतो. एखाद्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीचे परीक्षण कागद आणि बांधणी तपासून संपवले, प्रस्तावना, पाठभेद आणि टीपा यांच्याकडे पाहिलेच नाही, तर साहित्यचर्चेत ते कोणी परीक्षण मानणार नाही. डीव्हीडी हीदेखील एक संपादित आवृत्तीच असते. तिच्यात सिद्ध संहितेच्या शेजारी टाकून दिलेले पाठ ठेवलेले असतात, कर्त्याचे भाष्य असते, पुरवण्या असतात. आणि या साऱ्यांचा मूळ संहितेशी कधी पूरक, कधी चक्क विरोधी असा संबंध जडत असतो. ग्रंथाभोवतीच्या अशा मजकुराची मीमांसा करणाऱ्या १९८७ च्या आपल्या पुस्तकाला जेरार जेनेत यांनी ‘उंबरठे’ असे नाव दिले होते. घरात शिरणाऱ्या चित्रपटाच्या बाबतीत ते नाव अधिकच चपखल बसते.

ब्रॅड बर्ड यांनी लिहिलेला व दिग्दर्शित केलेला ‘द इन्क्रेडिबल्स’ हा पिक्सारचा सहावा पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट. अमेरिकेत तो ५ नोव्हेंबर २००४ रोजी प्रदर्शित झाला आणि १५ मार्च २००५ रोजी त्याची दोन तबकड्यांची आवृत्ती बाजारात आली. आवृत्तीवर शब्द होते ‘संग्राहकांसाठी’. बाजाराच्या परिभाषेत या शब्दांना फारसा अर्थ नसतो. या चित्रपटाच्या संदर्भात मात्र ते सहज ओलांडून पुढे जाता येत नाहीत, कारण या कथेतला खलनायक हा मुळात एक संग्राहक आहे.

बडी पाइन हा मुलगा मिस्टर इन्क्रेडिबलचा निस्सीम चाहता. नायकाविषयीची बारीकसारीक माहिती त्याला मुखोद्गत आहे. त्याच्यासारखे होण्यासाठी त्याने स्वतःच्या बुद्धीने उडते बूट तयार केले आहेत. नायक त्याला झिडकारतो. पुढे महानायकांवर कायद्याने बंदी येते, ते सामान्य माणसांच्या वस्त्यांत नावे लपवून राहू लागतात. आणि पंधरा वर्षांनी हाच बडी ‘सिंड्रोम’ हे नाव घेऊन परततो. तो निवृत्त महानायकांना एकेक करून बेटावर बोलावतो, आपल्या यंत्रमानवाकरवी त्यांना ठार करतो आणि प्रत्येक झुंजीतून ते यंत्र सुधारून घेतो. वाचकाच्या भाषेत सांगायचे तर बडी संहितेचा अतिपरिचित वाचक आहे. तो तिचे तुकडे जमवतो, तिचे तंत्र उलगडतो, आणि शेवटी ती स्वतःच्या नावावर पुन्हा लिहू पाहतो. आपली उपकरणे सर्वांना विकून अलौकिकत्वच निरर्थक करून टाकण्याचा त्याचा बेत हा त्या वाचनाचा शेवटचा टप्पा होय. चित्रपट त्याला क्षमा करत नाही.

आता आवृत्ती काय देऊ करते? तंत्राचे रहस्य, पात्रांच्या गुप्त नोंदी, निर्मितीची कहाणी, फसलेल्या दृश्यांची गंमत. म्हणजे बडीला जे जे हवे होते ते सारे. ज्या चाहत्याला कथा शिक्षा करते त्याच चाहत्याला आवृत्ती दार उघडून आत घेते. ही विसंगती निर्मात्यांच्या ध्यानात आली होती की नाही, हा प्रश्न गौण आहे. आवृत्तीच्या मूल्यमापनात ती मध्यवर्ती ठरते. अर्थात, संग्रहाचा सोस एकट्या बडीला नाही. विमा कंपनीत खर्डेघाशी करणाऱ्या बॉब पारच्या घरातही एक खोली आहे, जिच्या भिंतींवर जुनी कात्रणे, मुखपृष्ठे आणि पूर्वीचा पोशाख मांडलेला आहे. तो स्वतःच्याच भूतकाळाचा संग्राहक आहे. बॉबचा संग्रह करुण आणि बडीचा घातक, हा भेद चित्रपट गृहीत धरतो; त्याचे कारण देत नाही.

या प्रश्नावर सर्वाधिक प्रकाश पडतो तो वगळलेल्या दृश्यांतून. ती पूर्ण ॲनिमेशनमध्ये नाहीत, रेखाटनांच्या मालिकेवर तात्पुरते आवाज चढवून ती सादर केली आहेत. पण पाठचिकित्सेच्या दृष्टीने कच्चा खर्डाच मोलाचा. त्यांतल्या पर्यायी आरंभात कुटुंबाचे नाव पार नसून स्मिथ आहे. शेजाऱ्यांच्या मेजवानीत बॉबच्या हातावर सुरा बसतो, वाकतो तो सुरा. आणि आपले अभेद्य शरीर उघड होऊ नये म्हणून त्याला जखमेचे सोंग करावे लागते. तिथेच एक नोकरदार स्त्री हेलनच्या गृहिणीपणाला तुच्छतेने हसते, तेव्हा हेलन संतापून मुले वाढवण्याच्या कामाची थोरवी सर्वांसमोर बोलून दाखवते. रात्री सिंड्रोम घरावर चालून येतो आणि घराच्या स्फोटात स्वतःच मरतो. त्या आराखड्यात तो दुय्यम पात्र होता. मुख्य खलनायक झेरेक नावाचा वेगळाच होता. निर्मात्यांना सिंड्रोम अधिक आवडला म्हणून झेरेक गेला आणि सिंड्रोम राहिला. एका रात्रीत येऊन मरणाऱ्या पात्राला सबंध कथा पेलायची तर त्याला भूतकाळ हवा, आणि सिद्ध संहितेने तो चाहतेपणात शोधला. ही चित्रपटाच्या घडणीतली सर्वांत महत्त्वाची घटना म्हणावी लागेल.

हेलनच्या भाषणाचे काय झाले, हे त्याहून उद्बोधक आहे. सिद्ध संहितेत ते नाही. त्याऐवजी चित्रपट उघडतो तो जुन्या फिल्मचा खरखरीत पोत असलेल्या मुलाखतींनी. त्यांत तरुण इलॅस्टिगर्ल स्थिरस्थावर होण्याची कल्पना हसण्यावारी नेते आणि जग वाचवण्याचे काम पुरुषांवर सोडायला आपण तयार नाही असे ठणकावते. नंतर ती भेटते ती तान्ह्या मुलासह घर सांभाळताना. मधल्या वर्षांवर ती एक शब्दही बोलत नाही. मेजवानीतल्या भाषणाने गृहिणीपद हा सिद्धान्त म्हणून मांडला असता आणि प्रेक्षकाला त्याच्याशी सहमत किंवा असहमत होण्यापलीकडे काही उरले नसते. दोन प्रसंगांच्या शेजारणीतून मात्र एक उपरोध निर्माण होतो, आणि तो कोणत्या बाजूने वाचावा याचा निर्णय संहिता देत नाही. हेलनचे परतणे हा विजय आहे की आधीच्या तडजोडीवरचा मुलामा, याविषयी टीकाकारांत मतभेद संभवतात ते या मौनामुळेच. आवृत्तीने ते भाषण शेजारी आणून ठेवले, त्यामुळे मौन हे मौन म्हणून दिसू लागले. स्नग नावाच्या वैमानिकाचीही कथा अशीच. मूळ बेतात तो हेलनला बेटावर नेताना मरणार होता. ते काढून टाकल्यावर विमान हेलननेच चालवले, आणि तिच्या पूर्वायुष्याबद्दल एकही संवाद न खर्चता पुष्कळ काही सांगितले गेले. वगळणे हे इथे सर्जनाचे काम आहे, हे दाखवून देणारी याहून चांगली उदाहरणे ॲनिमेशनपटाच्या अभ्यासकाला सहसा मिळत नाहीत.

पहिल्या तबकडीवर दोन ध्वनिभाष्ये आहेत : एक बर्ड आणि निर्माते जॉन वॉकर यांचे, दुसरे ॲनिमेटरांचे. लेखकाच्या मृत्यूची वार्ता बार्थ यांनी १९६७ सालीच दिली होती. डीव्हीडीच्या ध्वनिमार्गावर तोच लेखक जिवंत होऊन दोन तास बोलत राहतो, ही त्या वार्तेची काहीशी गमतीची परिणती. बर्ड यांचे भाष्य बुद्धिमान आहे, पण प्रत्येक निवडीमागे एक निश्चित हेतू ठेवण्याची त्याची प्रवृत्ती खटकते. इथे चित्रपटातलाच एक विनोद आठवावा. विजयाच्या क्षणी खलनायक स्वतःच्या थोरवीवर भाषण ठोकू लागतो आणि तेवढ्यात नायकाला संधी मिळते. सिंड्रोमही या सवयीला बळी पडतो आणि ते त्याच्या स्वतःच्याच लक्षात येते. आत्मभाष्य माणसाला उघडे पाडते, हे ज्या संहितेला इतके नेमके ठाऊक आहे, तिच्यावर कर्त्याचे सलग आत्मभाष्य चढवणे धोक्याचेच. शिवाय बर्ड यांचा आवाज संहितेत आधीपासून आहेच : पोशाखकार एडना मोडला तो त्यांनीच दिला आहे. पाठीवरच्या झग्याचे धोके उदाहरणांसह मांडणारी, पात्रांना त्यांचे रूप बहाल करणारी ही बुटकी हुकूमशहा म्हणजे दिग्दर्शकाचे चित्रपटांतर्गत भाष्यच. ते दुसऱ्या ध्वनिमार्गावरच्या भाष्याहून अधिक मिस्कील आणि म्हणूनच अधिक विश्वसनीय आहे. ॲनिमेटरांच्या भाष्यात एकच अधिकारवाणी नाही. तिथे हालचाल, वजन, केस, कापड अशा कारागिरीच्या गोष्टी निघतात आणि कर्तृत्व अनेकांत वाटले जाते.

(आवाज बदलला की संहिताही हलते, याचा एक दाखला मुंबईतला आहे. ‘हम हैं लाजवाब’ या हिंदी रूपात बॉबला शाहरुख खान यांनी आणि डॅशला त्यांचे पुत्र आर्यन यांनी आवाज दिला. कथेतल्या पितापुत्रांच्या मागे प्रेक्षकाला ठाऊक असलेले खरे पितापुत्र उभे राहिले, आणि कुटुंबपटाला मूळ इंग्रजीत नसलेला एक थर चढला.)

चौकटीविषयी थोडे सांगणे भाग आहे. ही आवृत्ती रुंद पटाची आणि दूरदर्शन संचाच्या जुन्या पडद्याला भरून टाकणारी, अशा दोन वेगळ्या रूपांत विकली गेली. चित्रपटाचे मूळ प्रमाण २.३९ ला १ असे आहे. बेटावरच्या तळात हेलनचे ताणलेले शरीर एकामागून एक सरकत्या दारांत अडकते, तो प्रसंग रुंदीच्या जोरावरच उभा आहे. कचेरीच्या कप्प्यात आणि चिमुकल्या मोटारीत न मावणारा बॉबही चौकटीशी झगडूनच हास्यास्पद आणि दयनीय ठरतो. ज्या कथेत माणसे त्यांना दिलेल्या जागेहून मोठी असणे हेच दुःख आहे, तिच्या चौकटीची रुंदी छाटणे हा निव्वळ तांत्रिक फेरफार राहत नाही. २०११ ची ब्लू-रे आणि २०१८ ची फोर-के या आवृत्त्यांत हा प्रश्न उरला नाही.

दुसऱ्या तबकडीवरचा ‘जॅक-जॅक अटॅक’ हा लघुपट मूळ कथेतली रिकामी जागा भरतो. चित्रपटात तान्ह्या जॅक-जॅकला सांभाळणाऱ्या कारीचे उत्तरोत्तर घाबरत जाणारे दूरध्वनी-निरोप तेवढे ऐकू येतात. घरात काय घडले ते दिसत नाही. ईझर यांच्या परिभाषेत ही वाचकाने भरायची जागा. लघुपट ती वाचकाकडून काढून घेतो. मोत्झार्टच्या संगीतावर पेट घेणारे बाळ पाहणे आनंददायक आहे यात शंका नाही, तरी नुसत्या आवाजातली भीती त्याहून परिणामकारक होती. घडलेले सारे कारी विसरून जाणार असल्याचे शेवटी सूचित होते. जणू लघुपट स्वतःच दाखवलेले पुसून टाकू पाहतो. बड लकी यांच्या ‘बाउंडिन’चे आणि फसलेल्या दृश्यांचे इथे फारसे प्रयोजन नाही.

उरते ती सर्वांत क्षुल्लक वाटणारी आणि सर्वांत महत्त्वाची पुरवणी : ‘मिस्टर इन्क्रेडिबल अँड पॅल्स’. महानायकांच्या सुवर्णकाळात त्यांच्यावर काढलेली स्वस्त दूरदर्शन मालिका असावी असे भासवणारा हा तुकडा. स्थिर चित्रांवर खऱ्या माणसांचे हलते ओठ चिकटवायचे, हे १९५९ च्या ‘क्लच कार्गो’मधले तंत्र त्यात विडंबनासाठी वापरले आहे. गंमत इथे संपत नाही. या तुकड्यालाही ध्वनिभाष्य आहे, आणि ते आहे मिस्टर इन्क्रेडिबल व फ्रोझोन या पात्रांचे. क्रेग नेल्सन आणि सॅम्युएल जॅक्सन यांच्या आवाजांत ही दोघे स्वतःचेच चित्रण पाहत बसली आहेत. फ्रोझोनच्या ध्यानात येते, की मालिकेने आपल्याला जवळजवळ गोरा करून टाकले आहे आणि आपल्या तोंडी भलतीच भाषा घातली आहे. तो भडकतो. मिस्टर इन्क्रेडिबल बाजू सावरू पाहतो; त्याचे स्वतःचे चित्रण ठीक असल्यामुळे त्याला ते सोपे जाते.

चित्रित झालेल्याने चित्रणाविरुद्ध केलेली तक्रार भाष्याच्या रूपात या आवृत्तीत इथे ऐकू येते. ती विनोद म्हणून येते, आणि तिचे लक्ष्य काल्पनिक जुनी मालिका आहे. पण शेजारच्या तबकडीवरचा मुख्य चित्रपट तिच्या कक्षेबाहेर राहत नाही. तिथेही फ्रोझोन हा मित्र म्हणूनच येतो. कथा पारांच्या घराची आहे, त्याच्या घराची नाही. त्याची बायको हनी पडद्यावर दिसतच नाही. भिंतीपलीकडून तिचा आवाज तेवढा येतो आणि त्यावर हशा होतो. कुटुंबाला केंद्रस्थानी ठेवणाऱ्या संहितेने एका कुटुंबाला चेहरे दिले आणि दुसऱ्याला अर्धाच. ही गोष्ट चित्रपट पाहताना निसटते. फ्रोझोनचे भाष्य ऐकून पुन्हा चित्रपट लावला, तर हनीच्या प्रसंगातले हसू पूर्वीइतके सहज येत नाही. बडीला जे नाकारले गेले, म्हणजे संहितेशी वाद घालण्याचा अधिकार, तो आवृत्ती एका पात्राला देते. तोही दुसऱ्या तबकडीवर, काही मिनिटांपुरता, आणि हसत हसत.