'मी'विना निवेदन : 'स्प्लेंडर अँड मिझरी' या विज्ञानकथात्मक हिप-हॉप अल्बममधील निवेदकाचा प्रश्न

हिप-हॉप हा संगीतप्रकार १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील कृष्णवर्णीय व लॅटिन अमेरिकन तरुणांमध्ये आकारास आला. 'मी' हे या प्रकाराचे अंगभूत सर्वनाम होय. रॅपर स्वतःचे नाव घेतो, आपली वस्ती सांगतो, प्रतिस्पर्ध्याला हिणवतो आणि स्वतःच्या शब्दसामर्थ्याची ग्वाही देतो. ज्यांच्या पूर्वजांची नोंद मालाच्या यादीत झाली, त्यांनी हा 'मी' उच्चरवाने उच्चारावा यात आत्मप्रौढीपेक्षा अधिक काही आहे. म्हणूनच 'क्लिपिंग' या लॉस एंजेलिसच्या त्रयीचा 'स्प्लेंडर अँड मिझरी' (२०१६) हा अल्बम अभ्यासकाला कोड्यात टाकतो. येथे रॅपर आहे, परंतु त्याचा 'मी' जवळजवळ नाही.

विज्ञानकथा आणि हिप-हॉप यांची सांगड या अल्बमने प्रथम घातली असे नाही. २००० साली आलेला 'डेल्ट्रॉन ३०३०' हा या परंपरेतील सर्वाधिक चर्चिला गेलेला अल्बम. इसवी सन ३०३० मधील महाकाय कंपन्यांच्या सत्तेविरुद्ध लढणारा डेल्ट्रॉन झीरो हा त्याचा नायक. डॅन द ऑटोमेटर याची संगीतरचना आजही ताजी वाटते. मात्र या नायकाची लढाई अखेर शब्दांची लढाई आहे, आणि रॅपरची जुनी फुशारकीच येथे भविष्याचा पोशाख घालून अवतरते. हा दोष नव्हे. त्यातली गंमत मोठी आहे. परंतु विज्ञानकथेने हिप-हॉपच्या निवेदनपद्धतीला तेथे धक्का लावलेला नाही.

'क्लिपिंग'चे गीतकार-रॅपर डेव्हीड डिग्ज हे 'हॅमिल्टन' या संगीत-नाटकातील भूमिकेमुळे सर्वपरिचित आहेत. विल्यम हटसन व जोनाथन स्नाइप्स हे दोघे ध्वनिरचना करतात. रॅपमध्ये प्रथमपुरुषी निवेदन टाळावयाचे, हा या समूहाने स्वतःवर घालून घेतलेला दंडक. अल्बमचे शीर्षक सॅम्युएल डिलेनी यांच्या १९८४ च्या 'स्टार्स इन माय पॉकेट लाइक ग्रेन्स ऑफ सँड' या कादंबरीच्या अपूर्ण राहिलेल्या उत्तरार्धाच्या शीर्षकावरून घेतलेले आहे. कथानक थोडक्यात असे : गुलामांची वाहतूक करणाऱ्या अंतराळयानावर उठाव होतो, त्यातून एकटा वाचतो, आणि यानाचा संगणक त्याच्या प्रेमात पडतो. वाचलेल्या माणसाला नाव नाही. 'कार्गो क्रमांक २३३१' एवढीच त्याची ओळख.

अल्बमकडे पुष्कळदा प्रेमकथा म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखकाला हे वाचन अपुरे वाटते. 'ऑल ब्लॅक' या गीतात निवेदक आहे तो यानाचा संगणक. प्रारंभी तो आपल्या मालकांना माल हातचा गेल्याचा इशारा देतो. हळूहळू त्या अहवालाची भाषा ढळते आणि अहवालाचे रूपांतर अनुरागात होते. परंतु ज्याच्यावर हा अनुराग आहे, त्याच्याविषयी आपल्याला जे कळते ते पाळत ठेवणाऱ्याच्या नजरेतून कळते. अटलांटिकपार नेल्या गेलेल्या लक्षावधी माणसांविषयी इतिहासकाराला बरेचसे ज्ञान जहाजांच्या नोंदवह्यांतूनच मिळते. नोंदवही प्रेमळ झाली तरी ती नोंदवहीच राहते. अंतराळयानाच्या कल्पनेतून अल्बम हा अभिलेखागाराचाच प्रश्न मांडतो, आणि येथे विज्ञानकथा पोशाख राहत नाही.

मग 'मी' गेला कुठे? तो येतो, परंतु रॅपमध्ये नव्हे. 'लाँग वे अवे' हे गीत गुलामगिरीच्या काळातील भक्तिगीतांच्या धर्तीवर अनेक कंठांत गायिलेले आहे, आणि तेथे प्रथमपुरुष निःसंकोच उच्चारला जातो. ताऱ्यांच्या आधारे वाट काढणे ही त्यातील कल्पना केवळ अंतराळप्रवासाची नाही. दक्षिणेतून पळालेल्या गुलामांना ध्रुवतारा उत्तरेची दिशा दाखवीत असे. फ्रेडरिक डग्लस यांनी १८४७ मध्ये काढलेल्या वृत्तपत्राचे नावच 'द नॉर्थ स्टार' होते. पिढ्यान्‌पिढ्या समूहाने गायिलेल्या गीतात 'मी' म्हणण्याचा अधिकार शिल्लक राहिला, एकट्या पडलेल्या रॅपरकडे मात्र तो नाही. हिप-हॉपच्या व्यक्तिकेंद्री अभिमानावर हिप-हॉपच्याच अंगणात केलेली ही टीका आहे, आणि ती सहज पटण्याजोगी नाही.

एक आक्षेप नोंदविणे भाग आहे. केवळ ऐकून हे कथानक हाती लागत नाही. १५ तुकड्यांच्या, सुमारे ३७ मिनिटांच्या या रचनेत कर्कश यांत्रिक ध्वनी व डिग्ज यांची विलक्षण द्रुत गती यांखाली शब्द अनेकदा बुडतात. गीतसंहिता हाती घेतल्याविना ज्या कलाकृतीचा आशय उलगडत नाही, तिने श्राव्य माध्यमाची एक अट मोडली आहे, असे कोणी म्हटल्यास त्याला उत्तर देणे कठीण आहे. तरीही २०१७ मध्ये ह्यूगो पुरस्काराच्या लघु नाट्यकृती विभागात, दूरचित्रवाणी मालिकांच्या भागांच्या पंक्तीत, हा अल्बम अंतिम नामांकनापर्यंत पोहोचला, हे विज्ञानकथेच्या वाचकवर्गाने त्याला कथा म्हणून स्वीकारल्याचेच द्योतक आहे.

'अ बेटर प्लेस' या अखेरच्या गीतात यान ज्ञात नकाशा सोडून निघते. ते कोठे पोहोचते, हे अल्बम सांगत नाही, आणि २३३१ ला नावही मिळत नाही.