'नटसम्राट' : भूमिका उतरल्यानंतर

वि. वा. शिरवाडकर यांचें 'नटसम्राट' गोवा हिंदु असोसिएशननें २३ डिसेंबर १९७० रोजीं रंगभूमीवर आणलें. नाशकास आपल्या या कवि-नाटककाराचा अभिमान आहे, व तो यथार्थच आहे. परंतु या नाटकाविषयीं जें बोललें जातें त्यांत एकच सूर वारंवार ऐकूं येतो : मुलें कृतघ्न निघालीं, म्हातारपणीं आईबाप उघड्यावर पडले. आमच्या मतें हें या नाटकाचें अर्धेंच मर्म होय.

कथेवर शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'ची छाया आहे. पण लिअर राजा होता; गणपतराव बेलवलकर नट आहेत. हा भेद केवळ व्यवसायाचा नव्हे. रंगभूमि सोडल्यावर बेलवलकरांजवळ भूमिकांखेरीज स्वतःचें असें फारसें कांहीं उरत नाहीं. मुलाच्या घरीं अपमान होतो, मुलीच्या घरीं चोरीचा आळ येतो, कावेरी निघून जाते. प्रत्येक आघातासरशीं ते जुन्या भूमिकांचा आसरा शोधतात, आणि अखेर त्यांच्याच गर्दींत प्राण सोडतात. मनाचें हें खचणें शिरवाडकरांनीं पायरीपायरीनें दाखविलें, हें त्यांचें खरें यश.

तथापि एक आक्षेप नोंदविला पाहिजे. बेलवलकरांची वाणी इतकी भव्य आहे, कीं समोर एक मन मोडत आहे याचा प्रेक्षकांस विसर पडतो व ते टाळ्या वाजवितात. शिवाय ज्यानें आयुष्य रंगभूमीस वाहिलें, त्याच्या पडत्या काळांत सोबत मिळते ती बूटपॉलिशवाल्या राजाची. बरोबरीचा नट कोठें दिसत नाहीं. २०१६ सालच्या चित्रपटांत रामभाऊ हा नटमित्र मुद्दाम आणावा लागला, तो उगीच नव्हे. मात्र हा दोष नाटककाराचा म्हणण्यापेक्षां नाटकधंद्याचा म्हणणें अधिक न्याय्य होईल.

पहिले बेलवलकर डॉ. श्रीराम लागू हे कान-नाक-घशाचे शल्यवैद्य. १९६९ सालीं वैद्यकी सोडून ते पूर्णवेळ नट झाले. आपल्या आत्मचरित्रास त्यांनीं 'लमाण' हें नांव दिलें. लमाण माल वाहतो, मुक्कामीं उतरवितो आणि पाठ मोकळी करतो. बेलवलकरांस हें उतरविणेंच साधलें नाहीं. नटाच्या मानसिक स्वास्थ्याचा सारा प्रश्न या एका शब्दांत सामावला आहे, असें आम्हांस वाटतें.

यावर उपाय काय? शासन वृद्ध कलावंतांस मानधन देतें, तें आवश्यकच आहे. पण बेलवलकर पैशाच्या अभावीं खचले नाहींत, पैसा त्यांनीं आपल्या हातांनीं वाटला होता. २०१७ च्या कायद्यानें मानसिक उपचार हा हक्क ठरला. २०२२ पासून टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र उपलब्ध आहे. तथापि दुःखी नटालाच "नाटक करतो" म्हणण्याची खोड जोंवर मंडळींत आहे, तोंवर तो क्रमांक फिरविण्याचें धैर्य त्यास कोठून येणार? पडदा पडल्यावर रंगपटांत कोणी तरी थांबून, "आज घरीं कसा जाणार? झोप लागते ना?" एवढें विचारावें. नाशकांतील कालिदास कलामंदिरांत नाटक करणाऱ्या मंडळ्यांनीं ही रीत पाडली, तर शिरवाडकरांच्या स्मृतीस याहून शोभेलसा नमस्कार आम्हांस सुचत नाहीं.